ठाण्यात राहून यिडिश कशी शिकावी

ठाण्यात यिडिश शिकण्याचा विचार कुणाजवळ बोलून दाखवला, की बहुधा टेंभी नाक्याकडे बोट दाखवले जाते. १८७९ साली उभारलेले शाआर हाशमायिम सिनेगॉग तिथे आहे आणि ज्यू कुटुंबे शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत; तेव्हा ज्यूंची भाषा त्यांच्याकडेच मिळणार, असा हा सरळ हिशेब असतो. तो सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. ठाण्याचा ज्यू समाज मुख्यतः बेने इस्राएल आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'चा हा समाज घरी मराठी बोलतो, प्रार्थना हिब्रूत करतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याने बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही केली आहेत. यिडिश ही त्याची भाषा कधीच नव्हती. ती मध्य आणि पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंची भाषा आहे. सिनेगॉग पाहायचे असल्यास आधी परवानगी घेऊन, ओळखपत्र बरोबर ठेवून अवश्य जावे. मात्र तिथल्या वृद्धांकडे यिडिशची शिकवणी मागू नये. ते मराठीतच उत्तर देतील आणि त्यांचे बरोबरच असेल.

म्हणजे शिक्षण इंटरनेटवरूनच होणार. त्यात कमीपणा काही नाही, कारण आज न्यू यॉर्कमधले कितीतरी विद्यार्थीही ही भाषा पडद्यावरच शिकतात.

आधी उद्देश ठरवावा

यिडिश सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात आकाराला आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिचा सांगाडा जर्मन कुळातला आहे, धर्म, विद्या आणि नातेसंबंधांतले बरेच शब्द हिब्रू व आरामाईकमधून आलेले आहेत, आणि ज्यू वस्ती पूर्वेकडे सरकत गेली तसे पोलिश, युक्रेनियन, रशियन शब्दही तिच्यात मिसळले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिडिशभाषक होते, आणि उरलेल्यांपैकी अनेकांच्या मुलांनी इंग्रजी, रशियन किंवा हिब्रू स्वीकारली.

आज या भाषेची दोन जगे आहेत. पहिले हसिदी या परंपरानिष्ठ ज्यू पंथाच्या अनुयायांचे आहे: न्यू यॉर्कमधील विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क, लंडनचा स्टॅमफर्ड हिल, अँटवर्प, जेरुसलेम. तिथे मुले यिडिशमध्येच भांडतात आणि खेळतात. दुसरे जग ग्रंथालये, विद्यापीठे, नाट्यगृहे आणि संगीत मेळावे यांचे आहे. त्यातले लोक साहित्यासाठी, इतिहासासाठी किंवा आजीआजोबांची भाषा परत मिळवण्यासाठी शिकतात. ठाण्यातल्या वाचकाला बहुधा हे दुसरे जग जवळचे वाटेल. पण निवड जाणून करावी, कारण उच्चार, पुस्तके आणि शिक्षक त्यावरच ठरतात. प्रमाण यिडिशमध्ये 'चांगला' या अर्थाचा शब्द 'गुट' असा उच्चारला जातो, तर हंगेरी-पोलंडकडच्या हसिदी बोलीत तोच 'गिट' होतो. डुओलिंगोवर २०२१ मध्ये आलेला यिडिशचा मोफत अभ्यासक्रम याच हसिदी वळणाचे उच्चार ऐकवतो, आणि विद्यापीठीय पाठ्यपुस्तके मात्र प्रमाण उच्चार शिकवतात. दोन्ही एकदम सुरू केल्यास कान गोंधळतो. साहित्य वाचायचे असेल तर प्रमाण उच्चारांपासून सुरुवात करावी आणि डुओलिंगो पुढे, बोलीची ओळख म्हणून हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

लिपी टाळू नये

यिडिश हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. इंटरनेटवर रोमन लिपीतले पुष्कळ साहित्य मिळते, आणि मराठी माणसाला ते देवनागरीत उतरवून घेण्याचा मोहही होतो. हा मोह आवरावा. रोमन लिपीवर विसंबलेला विद्यार्थी गाणी गुणगुणू शकतो. पुस्तक मात्र त्याला उघडता येत नाही, आणि या भाषेचे बहुतेक वैभव पुस्तकांतच आहे.

लिपी वाटते तितकी कठीणही नाही. हिब्रूत स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, यिडिशने मात्र काही अक्षरांना स्वरांचे काम दिले. आलेफ हे पहिले अक्षर पाहावे. त्याच्या खाली छोटी आडवी रेघ असली तर ते 'आ' होते. त्याच रेघेला मध्यभागी खाली टोक निघाले, की ते 'ऑफिस'मधल्या 'ऑ'सारखे वाचले जाते. खाली काहीच नसले, तर ते मुके असते: शब्द 'उ' किंवा 'इ'ने सुरू होणार असेल तेव्हा ते फक्त पुढे उभे राहते. आयिन या अक्षराचा उच्चार 'ए'. दोन वाव शेजारी आले की 'व', वावनंतर यूद आले की 'ऑय', दोन यूद एकत्र आले की 'एय', आणि त्या जोडीखाली रेघ दिली की 'आय'. एवढे पाठ झाले की जर्मन आणि स्लाव्ह मुळाचा कोणताही शब्द दिसेल तसा वाचता येतो. पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी वेगळे रूप घेतात, तीही लगेच ओळखीची होतात.

खरी अडचण हिब्रू-आरामाईक शब्दांची आहे. ते मूळ हिब्रू वर्तनीतच, स्वरांशिवाय लिहिले जातात, आणि त्यांचा उच्चार नुसता पाहून कळत नाही. 'शबेस' म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, 'मिशपोखे' म्हणजे कुटुंब, 'खावेर' म्हणजे मित्र, हे शब्द रोजच्या बोलण्यातले असले तरी एकेक करून पाठ करावे लागतात. त्यांची निराळी वही ठेवावी आणि ती मागच्या बाजूने उघडून लिहावी, म्हणजे हाताला दिशेचीही सवय होते. छापील अक्षरे आणि हस्ताक्षर यांत इथे बाळबोध आणि मोडीइतके अंतर आहे. शिक्षक फळ्यावर हस्ताक्षरातच लिहितात, म्हणून दोन्ही वळणे सोबत गिरवावीत. फोनवर हिब्रू कळफलक सुरू केला की टंकलेखनाचीही बरीचशी सोय होते.

मराठीचा फायदा कुठे होतो

यिडिशच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांचा वाचक इंग्रजीभाषक धरलेला असतो, त्यामुळे ज्या गोष्टींवर त्यांत पानेच्या पाने खर्च होतात, त्यांतल्या काही मराठी माणसाला सहज पटतात. यिडिशमध्ये तीन लिंगे आहेत: 'देर टिश' (टेबल) पुल्लिंगी, 'दी टिर' (दार) स्त्रीलिंगी, 'दॉस बूख' (पुस्तक) नपुंसकलिंगी. मराठीतल्या टेबलाशी आणि दाराशी ही लिंगे जुळत नाहीत, तेव्हा पाठांतर चुकत नाही. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असते हे आपल्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही. 'दू' आणि 'इर' यांतला फरक 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या बराच जवळ जातो. 'चोर'मधला 'च' आणि 'चहा'मधला 'च' हे दोन्ही उच्चार यिडिशमध्ये आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी लेखनचिन्हेही आहेत; मराठी जिभेला ते शिकवावे लागत नाहीत. शब्दयोगी अव्यय लागताच मराठी नाम जसे सामान्यरूपात जाते, तसे यिडिशमध्ये जवळजवळ प्रत्येक संबंधदर्शक अव्ययानंतर चतुर्थीचे रूप येते. जर्मनमध्ये त्यासाठी दोन-तीन विभक्तींची यादी पाठ करावी लागते, इथे तो त्रास नाही.

अडखळायला होते ते क्रियापदापाशी. मराठीत ते वाक्याच्या शेवटी विसावते, यिडिशमध्ये त्याला दुसरे स्थान सोडता येत नाही. 'आज' हा शब्द पुढे आणला तर कर्ता मागे सरकतो, क्रियापद जागचे हलत नाही. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना शब्दसंग्रहाचा मोठा आधार मिळतो, पण गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलण्याची जर्मन सवय त्यांना सोडावी लागते. केवळ यिडिशसाठी म्हणून आधी जर्मन शिकण्याची गरज नाही.

वर्ग, वेळा आणि पैसे

नावाजलेली संस्था म्हणजे यिवो. १९२५ मध्ये विल्ना, म्हणजे आजच्या व्हिल्नियसमध्ये ती स्थापन झाली आणि १९४० मध्ये न्यू यॉर्कला हलली. आज वर्गांत शिकवली जाणारी प्रमाण वर्तनी तिचीच. तिचा उन्हाळी सघन अभ्यासक्रम १९६८ पासून चालत आला आहे, आणि वर्षभर ऑनलाइन वर्गही असतात. न्यू यॉर्कचेच वर्कर्स सर्कल हे १९०० साली कामगारांनी उभारलेल्या संघटनेचे आजचे रूप असून तिथले ऑनलाइन वर्ग नवशिक्यांना मानवतात. ऑक्सफर्डमध्ये २०२१ मध्ये दुर्मिळ ज्यू भाषांची एक शाळा सुरू झाली. तिचे ऑनलाइन वर्ग विनाशुल्क आहेत, पण अर्ज करावा लागतो आणि जागा मर्यादित असतात. ठाण्याहून शिकणाऱ्याने पहिला अर्ज इथेच करावा, एक तर खर्च नाही आणि दुसरे म्हणजे घड्याळ सोयीचे आहे.

घड्याळाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. न्यू यॉर्कमध्ये संध्याकाळी साडेसहाला भरणारा वर्ग ठाण्यात उन्हाळ्यात पहाटे चारला आणि हिवाळ्यात पाचला सुरू होतो. पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना हे कदाचित जमेल, इतरांनी रविवारी दुपारचा अमेरिकी वर्ग शोधावा: तिथले बारा म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. लंडनमधले संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात इथले साडेदहा. अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपची शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत वर्ग चुकण्याचा संभव अधिक, म्हणून वेळ पुन्हा विचारून घ्यावी. शुल्क डॉलरमध्ये असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का आणि बँक चलन बदलाचे किती घेते, हे आधी पाहावे. शिष्यवृत्तीची चौकशी करायला संकोच करू नये.

स्वतःच शिकायचे असल्यास यिडिश बुक सेंटरचे २०२० मध्ये निघालेले 'इन एयनेम' हे पाठ्यपुस्तक संवादांवर आणि चित्रांवर भर देणारे आहे. उरिएल वाइनराइख यांचे १९४९ चे 'कॉलेज यिडिश' जुन्या वळणाचे, पण व्याकरणात पक्के आहे.

वाचणे, ऐकणे, पाहणे

मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट येथील यिडिश बुक सेंटरची सुरुवात १९८० मध्ये आरन लान्स्की या तरुण विद्यार्थ्याने केली. यिडिश वाचणारी पिढी संपत होती आणि तिची पुस्तके कचऱ्यात जात होती. ती त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी घरोघर जाऊन गोळा केली, आणि हा संग्रह दहा लाखांच्या पुढे गेला. त्यातील ११,००० हून अधिक पुस्तके आज संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मॉन्ट्रियलच्या ज्यू पब्लिक लायब्ररीत मूळ भाषकांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकेही त्याच संकेतस्थळावर आहेत. एखादी छोटी कथा निवडून तिचा आवाज ऐकत छापील पानावर बोट फिरवावे, याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही. यिडिशचे नामवंत कथाकार शोलेम आलेखेम यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांचा दूधवाला तेव्ये बोलत राहतो आणि आपण ऐकत राहतो. मात्र जुन्या छपाईत जर्मन वळणाची जादा अक्षरे दिसतील आणि सोव्हिएत पुस्तकांत हिब्रू शब्दही उच्चाराप्रमाणे लिहिलेले आढळतील, त्याने बिचकू नये. आजची भाषा वाचायची असल्यास १८९७ मध्ये न्यू यॉर्कला सुरू झालेले 'फॉरव्हर्ट्स' हे वृत्तपत्र आता ऑनलाइन यिडिशमध्ये निघते.

रंगभूमीवर फोल्क्सबिने ही १९१५ पासूनची न्यू यॉर्कची संस्था आहे. तेव्येवरच्या 'फिडलर ऑन द रूफ' या प्रसिद्ध संगीतिकेचा यिडिश प्रयोग तिने २०१८ मध्ये केला. नेटफ्लिक्सची २०२० ची 'अनऑर्थोडॉक्स' ही मालिका हसिदी यिडिश ऐकण्यासाठी उपयोगी आहे, फक्त एकदा उपशीर्षके बंद करून पाहावी.

संगीताकडे ठाण्याच्या श्रोत्याने खास लक्ष द्यावे. क्लेझ्मर म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या वादकांचे संगीत: व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि संतूरसारखे काड्यांनी वाजवायचे त्सिंबल. यातली 'फ्रेयगिश' नावाची स्वरपंक्ती ऐकली की कान टवकारतात, कारण तिच्यात रिषभ, धैवत आणि निषाद कोमल व गंधार शुद्ध आहे, म्हणजे पूर्वांग भैरवाचे आणि उत्तरांग भैरवीचे, आपल्या बसंतमुखारीचे स्वर. स्वर तेच म्हणून राग तोच होत नाही. क्लेझ्मरचा व्हायोलिनवादक स्वराच्या शेवटी जो हुंदका काढतो, त्याची जात मींडेहून निराळी आहे, आणि चालही बहुधा नाचासाठी बांधलेली असते. पण तानपुरा लावून अशी एखादी धून हळू लयीत गायली, तर तिच्यावर बसवलेले शब्द पटकन पाठ होतात. लिपी शिकणाऱ्याने 'ऑयफन प्रिपेचिक' हे मार्क वॉर्शावस्की यांचे गाणे घ्यावे. शेकोटीजवळ बसून लहान मुले आलेफ-बेयस, म्हणजे मुळाक्षरे, शिकत आहेत, असा त्याचा विषय आहे.

बोलण्याचा सराव मागे पडतो, त्यासाठी जोडीदार लागतो. ठाणे-नवी मुंबई परिसरात दुसरा विद्यार्थी मिळण्याची वाट पाहू नये. ऑनलाइन वर्गातल्याच एखाद्या सहाध्यायाला आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा फोन ठरवून द्यावा, तोही शक्यतो युरोपातला निवडावा, म्हणजे दोघांच्याही जेवणानंतर बोलता येते. पहिले काही फोन त्या आठवड्यात वाचलेल्या कथेतले एक पान आळीपाळीने मोठ्याने वाचण्यात घालवावेत आणि उच्चारांच्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त कराव्यात. गप्पा त्यानंतर सुरू कराव्यात.