शाडूचे हात वाळेपर्यंत

माझी भाची २४ वर्षांची आहे. अकरावीत असल्यापासून तिला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी: नको ते विचार मनात घुसत राहतात आणि ते शमवायला तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. सर्वांत वाईट काळात ती दिवसाचे चार तास नळाखाली हात धरून उभी असायची, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. गेल्या मे महिन्यात ती माझ्याकडे पेणला राहिली. आमच्या गणपतीच्या कारखान्यात तिच्याजवळ बसून मी जे शिकले, ते ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

छंद हा उपचार नाही. उपचार म्हणजे औषधं आणि ईआरपी: ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरचं धुणं, तपासणं, मोजणं रोखून धरायचं. औषधाचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडेही लागतात. छंद या दोन्हींना हातभार लावतो, म्हणून आधी समुपदेशकांना विचारा की भीतीच्या पायऱ्यांवर, म्हणजे कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत लावलेल्या यादीत, ही गोष्ट कुठे बसते. भाचीसाठी ओला शाडू दहापैकी चारवर होता, कारखान्यातला सगळ्यांचा टॉवेल आठवर. आम्ही शाडू घेतला.

त्याआधी माझी एक चूक झाली. तिला रांगोळी आवडते म्हणून मी ठिपक्यांची रांगोळी काढायला बसवलं. ठिपके सरळ आलेत का, हे बघण्यात दीड तास गेला. पुसून पुन्हा, पुसून पुन्हा, शेवटी ती रडली. सगळं सारखंच यायला हवं असं ज्याच्या मनाला टोचतं, त्याला ती रांगोळी देणं म्हणजे आजारालाच खाऊ घालणं. मनात आकडे मोजत राहणाऱ्याला टाके मोजायचं विणकामही नको. थोडं वेडंवाकडं झालं तरी चालतं असं काम घ्या: माती, कुंड्या भरणं, भाकरी थापणं.

आमची वेळ सकाळी साडेदहाची, वीस मिनिटं. मुठीएवढा गोळा मळून उंदीर करायचा. एक कान मोठा झाला तर तसाच ठेवायचा. मग हात न धुता मांडीवर ठेवून बसायचं, शाडू वाळून पांढरा पडेपर्यंत, तळहातावर तडे जाईपर्यंत. नंतर एकदाच धुवायचं, साध्या पाण्याने. पहिल्या दिवशी तिने चार मिनिटं काढली आणि उठली. मी तिला शाबासकी दिली, कारण ती चार मिनिटं तिची स्वतःची होती. तिसऱ्या आठवड्यात ती अर्धा तास गप्पा मारत बसली.

अवघड काम माझं होतं. "मावशी, या मातीत काही घाण नसेल ना?" असं ती विचारायची आणि "नाही गं बाळा, स्वच्छ आहे," हे माझ्या ओठांवर यायचं. त्या उत्तराने दोन मिनिटं बरं वाटतं, मग तोच प्रश्न परत, आणि आपणही त्या विधीत, म्हणजे भीती शमवायला पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृतीत, ओढले जातो. मी म्हणायचे, "भीती वाटतेय ते दिसतंय मला. बस माझ्याजवळ, उंदराचं शेपूट राहिलंय." चिडू नका, फसवू नका. जबरदस्तीने हाताला माती तर कधीच लावू नका.

विचार पळवून लावण्यासाठीही माती हातात देऊ नका. विचार आला तर येऊ दे, हात चालू राहू देत. आणि छंदाचाच विधी होतोय का, यावर नजर ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ती गोळा बरोबर सात वेळा मळायला लागली होती. मग आम्ही कधी जागा बदलली, कधी माझ्या नणंदेला सोबत घेतलं, कधी मळणं अर्धवट टाकून चहाला उठलो. नळापाशी जाणारे तास सुटले की संध्याकाळ रिकामी पडते आणि त्या रिकामपणात सगळं परत यायला बघतं. त्या वेळेला आम्ही अंगणात कॅरम लावायचो, शेजारची मुलंही यायची.

जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसतील तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.