किंमत वाढली तर मागणी किती हलेल? लवचिकता समजून घ्यायची साधी रीत

लवचिकता म्हटलं की बहुतेकांना तो फॉर्म्युला आठवतो, टक्के भागिले टक्के, आणि डोकं तिथेच बंद पडतं. माझंही पडलं होतं. परीक्षेपुरतं पाठ केलं, मार्क पण मिळाले, पण तेव्हा कोणी येऊन विचारलं असतं की बाबा या वस्तूची किंमत वाढवू का नको, तर मला शब्द फुटला नसता. पुढे लक्षात आलं की आपण शेपटीकडून सुरुवात केली होती. फॉर्म्युला नंतर, आधी एक साधा प्रश्न: किंमत वाढली तर घेणारा माणूस दुसरं काय करू शकतो? खाली त्याच क्रमाने जाऊया. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, चौथ्या पायरीला लागेल.

पायरी १: "हवंय" म्हणजे मागणी नाही

हवं तर सगळ्यांनाच सगळं असतं. अर्थशास्त्रात मागणी धरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: इच्छा, ऐपत आणि पैसे मोजायची तयारी. खिशात पैसे आहेत पण द्यायचे नाहीत, तर ती मागणी नाही. आणि मागणी नेहमी "या किमतीला, इतक्या काळात" असंच बोलायचं. "या वस्तूला मागणी ५०० आहे" या वाक्याला काही अर्थ नाही, कुठल्या किमतीला आणि दिवसाला का महिन्याला ते सांगा.

किंमत वाढली की मागणी कमी, उतरली की जास्त, हा मागणीचा नियम. त्याला "इतर परिस्थिती कायम असताना" अशी एक शेपटी आहे, ती लोक वाचतात आणि विसरतात. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पायरी २: रेषेवर सरकलो का रेषाच सरकली, ते बघा

समजा मागच्या महिन्यात एका वस्तूचा खप वाढला. का वाढला? किंमत उतरली म्हणून वाढला असेल तर आपण त्याच मागणी वक्रावर (कुठल्या किमतीला किती खप, ते दाखवणारी ग्राफवरची रेषा) खाली सरकलो, याला मागणीचा विस्तार म्हणतात, आणि किंमत वाढल्यामुळे खप घटला तर संकोच. पण किंमत होती तिथेच आहे आणि लोकांचं उत्पन्न वाढलं, फॅशन आली, पर्यायी वस्तू महागली किंवा गिऱ्हाइकंच जास्त झाली, तर अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो. ती मागणीतली वृद्धी, आणि उलट झालं की ऱ्हास.

शब्द पुस्तकी वाटतात खरे, पण फरक मोठा आहे. किंमत लवचिकता फक्त पहिल्या प्रकाराबद्दल बोलते. दुसऱ्या कारणाने वाढलेला खप किमतीच्या खात्यावर टाकला तर पुढचं सगळं गणित चुकतं.

(उलट्या वागणाऱ्या वस्तू पण आहेत. गिफेन वस्तू महागली की गरीब माणूस ती जास्त घेतो कारण बाकीचं त्याला परवडेनासं होतं, आणि काही चैनीच्या वस्तू महाग आहेत म्हणूनच घेतल्या जातात. पण सुरुवातीलाच तिकडे वळू नका, नियम पक्का होऊ दे.)

पायरी ३: घेणाऱ्याच्या जागी उभे राहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक हीच गाळतात. कागदावर आकडा मांडायच्या आधी स्वतःला विचारा, उद्या ही वस्तू महागली तर मी काय करेन?

पहिली गोष्ट पर्याय. डायबेटिसच्या ज्या पेशंटला इन्सुलिन लागतंच त्याच्याकडे दुसरा रस्ता नाही, किंमत वाढली तरी तो घेणारच, म्हणून ती मागणी जवळजवळ अलवचिक, म्हणजे किमतीने फारशी न हलणारी. पण एकाच प्रकारच्या दहा कंपन्यांच्या पेनांपैकी एक पेन महागला तर हात आपोआप शेजारच्या पेनाकडे जातो. इथे अजून एक बारकावा आहे, व्याख्या जितकी अरुंद तितकी लवचिकता जास्त. "पेन" या अख्ख्या प्रकाराची मागणी फार हलणार नाही, "अमुक कंपनीचा निळा जेल पेन" म्हटलं की भरपूर हलेल. त्यामुळे कोणी नुसतं विचारलं की पेनाची लवचिकता किती, तर आधी उलट विचारा, कुठला पेन?

दुसरी गोष्ट खर्चातला वाटा. काडेपेटीची किंमत दुप्पट झाली तरी महिन्याच्या हिशोबात कळत पण नाही, घरभाडं दहा टक्के वाढलं की माणूस नवीन घर शोधायला लागतो.

तिसरी गोष्ट वेळ, आणि हिचं उदाहरण इतिहासातच आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिका आणि इतर काही देशांचा तेलपुरवठा रोखला, उत्पादनही कमी केलं, आणि काही महिन्यांत कच्चं तेल पिंपामागे साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेलं. किंमत चौपट, मग वापर एक चतुर्थांश झाला का? अजिबात नाही. दारात जी गाडी उभी आहे तीच चालवायची, घर आणि ऑफिसमधलं अंतर आहे तेवढंच, लोकांनी कुरकुरत पैसे मोजले. पण पुढच्या काही वर्षांत कमी तेल पिणाऱ्या गाड्या आल्या, वीज केंद्रं कोळसा आणि अणुऊर्जेकडे वळली, १९७९ नंतर दुसरा भडका उडाला, आणि ८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातला तेलाचा वापर खरोखर खाली आला. वस्तू तीच, माणसं तीच, फक्त वागणं बदलायला वेळ मिळाला. म्हणून लवचिकतेचा कुठलाही आकडा ऐकला की तो किती काळातला आहे ते विचारायचं.

उलट बाजूचं उदाहरण पण अमेरिकेतलंच. तिथे १९९१ पासून महागड्या नौकांवर चैनीचा टॅक्स लावला, किमतीचा जो भाग १ लाख डॉलरच्या वर जाईल त्यावर १० टक्के. हिशोब असा की श्रीमंत लोक देतील, त्यांना काय फरक पडतो. श्रीमंतांनी नौका घ्यायचंच टाळलं. त्यांच्याकडे पैसे उडवायला इतर शंभर ऑप्शन होते ना. त्या वेळी मंदीही होती, त्यामुळे सगळं खापर टॅक्सवर फोडता येत नाही, पण विक्री आपटली, नौका बांधणाऱ्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि १९९३ मध्ये तो टॅक्स काढून टाकावा लागला. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्यावर टॅक्सचा बोजा पडतो, आणि इथे पर्याय नव्हता तो कामगाराकडे.

पायरी ४: आता आकडा काढा

लवचिकता म्हणजे मागणीतला टक्के बदल भागिले किमतीतला टक्के बदल. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये ही कल्पना नीट मांडली. उत्तर उणे येतं कारण किंमत आणि मागणी उलट्या दिशेला जातात, पण बोलताना उणे चिन्ह सोडून देतात. एकपेक्षा जास्त आलं तर मागणी लवचिक, कमी आलं तर अलवचिक, बरोबर एक आलं तर एकक लवचिक.

समजा तुम्ही हाताने बांधलेल्या वह्या विकता. चलन कुठलंही धरा. किंमत २० असताना महिन्याला १०० वह्या जातात, किंमत २४ केली तर ९०. किंमत २० टक्के वाढली, खप १० टक्के घटला, लवचिकता ०.५. सोपं आहे.

आता हेच उलटं करून बघा, २४ वरून २० वर या. किंमत उतरली १६.७ टक्के, खप वाढला ११.१ टक्के, भागाकार केला तर ०.६७. अरेच्चा! त्याच दोन बिंदूंमधला प्रवास, जाताना ०.५ आणि येताना ०.६७? चूक कोणाचीच नाही, टक्के काढताना आधार बदलला एवढंच. यावर उपाय म्हणजे मधला बिंदू धरायचा. दोन किमतींची सरासरी २२, फरक ४, म्हणजे १८.२ टक्के. दोन खपांची सरासरी ९५, फरक १०, म्हणजे १०.५ टक्के. भागाकार ०.५८, आणि जाताना येताना सारखाच. किमतीतला बदल अगदी छोटा असेल तर ही भानगड नाही केली तरी चालतं, मोठा असेल तर कराच.

पायरी ५: गल्ल्यात काय पडलं ते मोजा, पण तिथेच थांबू नका

२० ला १०० वह्या, म्हणजे गल्ल्यात २०००. २४ ला ९०, म्हणजे २१६०. मागणी अलवचिक होती म्हणून किंमत वाढवून जास्त पैसे आले. हुरूप येऊन तुम्ही किंमत २८ केली आणि खप ७० वर आला. मधल्या बिंदूने काढलं तर लवचिकता १.६ च्या वर जाते आणि गल्ला १९६० वर उतरतो. मागणी लवचिक झाली, किंमत वाढवणं अंगाशी आलं, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि धडा संपतो.

थांबा जरा. एक वही बनवायला १२ खर्च येतो असं धरा. २४ ला ९० वह्यांवर नफा १०८०. २८ ला ७० वह्यांवर नफा ११२०. गल्ला कमी झाला आणि नफा वाढला! कारण २० वह्या कमी बनवाव्या लागल्या. म्हणजे लवचिक मागणीत किंमत वाढवली की नुकसानच होतं हे खरं नाही, प्राप्ती (म्हणजे गल्ला) नक्की घटते, नफ्याचं खर्चावर ठरतं. अलवचिक मागणीत मात्र शंका नाही, किंमत वाढवली की प्राप्ती वाढते आणि माल कमी बनवावा लागतो, दोन्हीकडून फायदा.

शेतमालात हेच उलटं होऊन बसतं. पीक उदंड आलं, मागणी अलवचिक, भाव असा कोसळतो की जास्त माल विकून हातात पैसे कमी येतात. एकट्या शेतकऱ्याची चूक काहीच नसते.

पायरी ६: रेषेच्या उतारावरून लवचिकता ठरवू नका

ही चूक मी स्वतः कितीतरी दिवस केली. ग्राफवर रेषा उभी दिसली की अलवचिक, आडवी दिसली की लवचिक, असं ठोकून द्यायचो. पण सरळ रेषेचा उतार सगळीकडे सारखा असतो आणि लवचिकता प्रत्येक बिंदूला बदलते. समजा किंमत १ ने वाढली की खप २ ने घटतो आणि फुकट दिलं तर १२० नग जातात. किंमत १० असताना खप १००, लवचिकता ०.२. किंमत ३० ला खप ६०, लवचिकता बरोबर १. किंमत ५० ला खप २०, लवचिकता ५. एकच रेषा, तीन वेगळी उत्तरं. महाग टोकाला मागणी लवचिक, स्वस्त टोकाला अलवचिक. वह्यांची मागणीही महाग होताना लवचिक झाली, फक्त तिथे रेषा सरळ नव्हती, खप आधी १० ने आणि मग २० ने घटला.

पायरी ७: दोन चुलत भावंडं

किमतीच्या जागी उत्पन्न टाकलं की उत्पन्न लवचिकता. ती उणे आली तर वस्तू निकृष्ट, म्हणजे हातात पैसा आला की लोक ती सोडतात. दुसऱ्या वस्तूची किंमत टाकली की छेदक लवचिकता: अधिक आली तर वस्तू एकमेकींना पर्यायी, उणे आली तर पूरक, जसं प्रिंटर आणि त्याची शाई. या दोन्हींत उणे चिन्ह सोडायचं नाही, सगळा अर्थ त्यातच आहे.

पायरी ८: खरे आकडे हातात आले की सावध

सुट्टीच्या दिवसांत विमानाची तिकिटं महाग होतात आणि विमानंही खच्चून भरतात. हे आकडे जसेच्या तसे फॉर्म्युल्यात टाकले तर उत्तर येईल की किंमत वाढवा, मागणी वाढेल. असं नसतं हो. सुट्टीमुळे वक्रच उजवीकडे सरकला, पायरी २ मधली वृद्धी, आणि त्या वृद्धीमुळे किंमत चढली. त्यामुळे तुलना करायची तर सारख्यात सारखी करा: हंगाम तोच, गिऱ्हाईक तसंच, शेजारच्याची किंमत तीच, आणि बदललेली फक्त तुमची किंमत. वह्यांचंच करायचं असेल तर शाळा सुरू होण्याचा महिना धरू नका, एरवीचे दोन महिने घ्या, एकात २०, एकात २४, आणि त्या दोन महिन्यांत डिस्काउंट, जाहिरात, नवीन डिझाइन यातलं काहीही करू नका.