उसाच्या बुडख्यानं कुत्र्याचा तळवा कापला तर

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडं कुत्र्यांचे पाय कापायला लागतात. ऊसतोडीत कोयता तिरका बसला की बुडखा पेन्सिलीसारखा टोकदार राहतो, वर पाचट पसरलेलं असतं, आणि राखणीचं कुत्रं डुकराच्या वासावर त्यातनंच पळत सुटतं. शिवाय बांधावर फुटलेल्या बाटल्या असतात. मेंढरांच्या मागं चालणाऱ्या कुत्र्यांचंही तेच होतं, कारण फड तुटला की मेंढरं त्याच रानात चरायला शिरतात.

दोन वर्षांमागं आमच्या शेऱ्याचा पाय असाच कापला, तेव्हा शेजारच्या रानात मेंढरं बसवायला आलेले मामा म्हणाले, "रगात थांबलंय की, आता कशाला डाक्टर?" बहुतेकांचं असंच होतं. रक्त थांबायला दहा मिनिटं लागतात, पण तळव्याची जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात, कारण कुत्रं पुन्हा त्याच जखमेवर उभं राहतं. पाऊल टेकलं की तळव्याची मऊ गादी पसरते आणि चिरेची दोन्ही तोंडं फाकतात. म्हणून औषधापेक्षा पट्टी आणि विश्रांतीकडं जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी तोंड बांधा, मग पाय धरा

हातानं भाकरी खाणारं कुत्रंही कळ आली की चावतं. जुन्या ओढणीची लांब पट्टी घ्या, नाकावर एक फेरा द्या, खाली जबड्याशी गाठ मारा आणि दोन्ही टोकं कानांमागं बांधा. कुत्रं धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर मात्र तोंड बांधू नका, कुणाला तरी मान धरायला सांगा. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. घरचं कुत्रं आहे म्हणून यात सूट नाही.

रक्त थांबवणं

गादीखाली चरबी आणि भरपूर रक्तवाहिन्या असतात, त्यामुळं लहान चिरेतूनही सोप्यातल्या फरशीवर लाल ठसे उमटतात. घाबरू नका. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहातानं दाबून धरा, 5 ते 10 मिनिटं, घड्याळ लावून. मधेच उचलून बघितलं तर नुकती धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. पंधरा मिनिटांनीही धार थांबली नाही तर तसाच दाबून बांधा आणि डॉक्टरांकडं निघा.

धुणं आणि नीट बघणं

मेडिकलमधून अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली आणा. रानात असाल तर पिण्याचं पाणी चालतं. घरी अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात छोटा चमचा सपाट भरून मीठ घातलं तरी काम होतं. बाटलीच्या टोपणाला भोक पाडून पिचकारीसारखी धार मारा आणि माती पूर्ण निघेपर्यंत धुवा. पाणी वापरताना हात आखडू नका. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घाला. 5 टक्क्यांचं द्रावण असेल तर अर्ध्या लिटरला दोन छोटे चमचे. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. त्यानं शेवटचं धुवा.

आता उजेडात जखम बघा. कुसळ, काटा, काचेचा कण वर दिसत असेल तर चिमट्यानं काढा. खोल रुतलेलं काही ओढू नका, ते आत रक्तवाहिनी दाबून बसलेलं असू शकतं.

हळद, तंबाखू, चुना, जळकं ऑईल यातलं काहीही लावू नका. कुत्रं जखम चाटतंच, आणि तंबाखूतलं निकोटिन त्याला विष आहे. हळदीनं विष होत नाही, पण तिची खपली धरते आणि खाली घाण तशीच राहते. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि डेटॉलनं नव्यानं भरणारं मांस जळतं. दुखतंय म्हणून आपल्याकडची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर चुकूनही देऊ नका. या गोळ्यांनी कुत्री दगावतात.

डॉक्टरांकडं कधी

चीर फाकून आतलं पिवळट-पांढरं दिसत असेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, किंवा कुत्रं पाय टेकतच नसेल तर घरी वेळ घालवू नका. टाके घालायचे तर पहिल्या 6 ते 8 तासांत घातलेले बरे. त्यानंतर जखमेत जंतू वाढलेले असतात आणि डॉक्टर बहुधा ती उघडी ठेवूनच भरू देतात.

आणखी एक खूण सहसा कुणी बघत नाही. कुत्र्याला सपाट फरशीवर उभं करा आणि बाजूनं नखं बघा. एकाच बोटाचं नख वर उचललेलं दिसलं, बाकीची जमिनीकडं वाकलेली असली, तर त्या बोटाची खालची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी (टेंडन), तुटलेली असते. बाहेरून जखम बोटभरसुद्धा नसते. शेऱ्याचं असंच होतं. मामांचं ऐकून मी दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं तर ते बोट कायमचं तसंच राहिलं असतं.

पट्टी बांधणं

1. पाय पूर्ण कोरडा करा. बोटांच्या मधे आणि आतल्या बाजूच्या वरच्या नखाखाली कापसाच्या पातळ घड्या ठेवा, नाहीतर ओलीनं तिथली कातडी सोलते.
2. जखमेवर न चिकटणारी जाळी ठेवा. मेडिकलमध्ये पॅराफीन गॉज मागा.
3. त्याच्यावर कापसाचा रोल खालून वर गुंडाळत न्या, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा आला पाहिजे. मग गॉजचा रोल, आणि शेवटी स्वतःला चिकटणारी पट्टी. ही पट्टी ओढून लावायची नाही, आधी रोलवरून सैल करून घ्यायची.
4. पट्टी मनगटाच्या वर न्या. नुसत्या पंजाला बांधलेली पट्टी दहा पावलांत निघून पडते.
5. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा.

ही शेवटची गोष्ट मी पहिल्यांदा केली नव्हती. पंजा पूर्ण झाकून घट्ट बांधला आणि रात्री थ्री फेज लाईट आली म्हणून पाणी पाजायला गेलो. सकाळी शेऱ्या पट्टी चावत होता. सोडली तर बोटं सुजून नखं एकमेकांपासून फाकलेली आणि हाताला गार लागत होती. वेळेत सोडली म्हणून पंजा वाचला. तेव्हापासून ती दोन नखं मी दिवसातून तीनदा बघतो. ती जवळजवळ असली आणि बोटं कोमट लागली तर पट्टी ठीक आहे.

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्याला, त्यामुळं पट्टी आतूनही ओली होते. पहिले काही दिवस रोज बदला, पुढं दोन-तीन दिवसांनी, आणि भिजली की लगेच. लघवीला नेताना सलाईनची रिकामी पिशवी वरून कापून बुटासारखी घाला, चिंधीनं पट्टीवरच सैल बांधा आणि आत आल्या आल्या काढा. चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा कोन घाला. नसेल तर जुन्या प्लास्टिक बादलीचा तळ कापून कड घासून घेतली तरी चालतं.

वास आला, पू दिसला, कुत्रं मलूल झालं तर पुन्हा दवाखाना. उघड्या जखमेवर माशी बसली की दिवसभरात अंडी फुटून किडे पडायला सुरुवात होते, पावसाळ्यात तर हमखास. एखादा किडा दिसला तरी आत आणखी आहेत असंच धरा.

पुन्हा कामाला

सगळ्यात अवघड भाग हाच. राखणीचं कुत्रं दुखणं दाखवत नाही, रात्री कोल्हा ओरडला की साखळी ताणतं. साध्या चिरेला दहा-पंधरा दिवस आणि टाके घातलेल्या पायाला तीन आठवडे तरी गोठ्यात, कोरड्या पोत्यावर, बांधूनच ठेवा. तळव्याचे टाके इतर ठिकाणच्या टाक्यांपेक्षा उशिरा काढतात, तारीख डॉक्टरांनाच विचारा. नवी गादी गुलाबी आणि मऊ असते. पहिला आठवडा गवतावर, दोरी धरून फिरवा. तापलेला डांबरी रस्ता आणि पन्हाळ्याकडचा जांभ्याचा खडक नंतर.

तोडलेल्या फडात तर बुडखे जमिनीबरोबर छाटून पाणी दिल्याशिवाय सोडूच नका. खोडव्यासाठी, म्हणजे त्याच बुडख्यांतनं फुटणाऱ्या पुढच्या उसासाठी, ती छाटणी तुम्ही करणारच असता, यंदा ती चार दिवस आधी उरका.