टाकीच्या भिंतीवर फेसाचा गोळा दिसला तर

पाऊस लागला की त्र्यंबक-इगतपुरीकडच्या शेतांवर हौदाच्या आतल्या भिंतीला किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. साबणाचा फेस समजून पाइपने धुऊन टाकू नका. झाडबेडकाची मादी अंगातून चिकट द्रव सोडते, मागच्या पायांनी तो घुसळते आणि त्यात शेकडो अंडी घालते. दोन-तीन दिवसांत बाहेरून पापुद्रा धरतो, आत ओल टिकते.

दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगरी जंगलांत गॅस्ट्रोथेका नावाचे बेडूक आहेत. त्यांची मादी अंडी पाठीवरच्या पिशवीत घेऊन हिंडते. आपली झाडबेडकी मात्र फेस लावून निघून जाते. पुढे सगळा भरवसा खालच्या पाण्यावर.

म्हणून आधी पाणी बघा. साधारण आठवडाभरात फेस पातळ होतो आणि बेडूकमासे खाली टपकतात. तेव्हा हौद कोरडा असला तर सगळे मरतात. वीतभर पाणी ठेवा. नळाचं पाणी घालायचं तर ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घाला, क्लोरीन उडून जातं. अळीनाशक आणि गप्पी मासे टाळा: गप्पी नुकते सुटलेले बेडूकमासे खातात. डासांची भीती असेल तर हौदावर बारीक जाळी ताणा, पण फेस जाळीच्या आत राहील अशी. पिण्याच्या टाकीत घरटं असेल तर मात्र ते हलवावंच लागतं.

हलवताना फेस हाताने खरवडू नका, फुटतो. फांदीवर असेल तर फांदीच कापून पाणी भरलेल्या टबाच्या वर, सावलीत, बांधा. भिंतीवरचा गोळा पातळ पत्र्याने मुळापासून अलगद सोडवून टबावर आडव्या टाकलेल्या जाळीवर ठेवा. उघडीप लांबली तर स्प्रेने हलकं पाणी मारा. एका ठिकाणचे बेडूकमासे दुसऱ्या गावच्या तळ्यात सोडू नका. बेडकांना मारणारी कायट्रिड ही बुरशी अशीच पसरते.

खायला शेवाळ पुरतं. टबात ते नसेल तर उकडलेल्या पालकाचं एखादं पान द्या आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर पाणी नासतं.

बेडूक व्हायला साधारण दोन महिने लागतात. पुढचे पाय फुटले की जाळी काढा आणि खरबरीत फळी पाण्यातून काठापर्यंत तिरकी लावा. शेपूट जिरेपर्यंत पिल्लं काही खात नाहीत, तेव्हा पालक बंद.