मागच्या ब्रेकचा पिस्टन आत जात नाही? या चुका टाळा

पुढच्या चाकांचे पॅड घरी बदलता आले की मागचेही तसेच बदलू असं वाटतं, आणि तिथेच गाडं अडतं. पुढचा पिस्टन, म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या, सी-क्लॅम्पने सरळ आत दाबला जातो. मागचा बऱ्याच गाड्यांत तसा जात नाही, कारण हँडब्रेकचा स्क्रू आणि नट त्याच्या पोटातच असतो. पॅड झिजतील तसा हा नट पुढे सरकून पिस्टनला टेकू देतो. अशा पिस्टनला सी-क्लॅम्प लावला की सगळा जोर त्या नटावर येतो. आतला हा स्क्रू-नटाचा ॲडजस्टर मोडला की हँडब्रेक धरत नाही आणि अख्खा कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) बदलायची पाळी येते.

म्हणून आधी पिस्टनचं तोंड बघा. त्यावर खाचा असतील आणि कॅलिपरला हँडब्रेकची केबल जोडलेली असेल, तर तो फिरवत आत न्यायचा. केबलही नाही आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटरही नाही, म्हणजे हँडब्रेक डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रमवर आहे. तो पिस्टन खुशाल सरळ दाबा. कॅलिपरच्या पाठीवर मोटर असेल, तर स्कॅनरने किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने सर्व्हिस मोड (ज्यात मोटर नट मागे घेते) लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. नट मागे गेलेला नसताना जोर केलात तर मोटरचे गिअर जातात.

हँडब्रेक ओढलेला राहणे. गाडी जॅकवर घेताना हात आपोआप हँडब्रेककडे जातो. इथे मात्र तो खाली हवा. गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि मागची बाजू स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका. मग कॅलिपरवरचा हँडब्रेकचा लिव्हर आपल्या टोकाला टेकलाय का ते पाहा. टेकला नसेल तर केबल गंजून अडकलेली असते, पावसाळ्यानंतर तर हमखास. केबलचं टोक सोडवा. लिव्हर तरीही परतला नाही, तर गंज कॅलिपरमध्येच आहे.

नुसतं फिरवणे. नोज प्लायरने पिस्टन जागच्या जागी गरगर फिरतो, आत जात नाही. फिरवणं आणि दाबणं एकाच वेळी व्हायला हवं, आणि विंडबॅक किट नेमकं तेच करतं. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत जातात, पण काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात. अर्धा फेरा देऊन बघा. बाहेर येतोय असं दिसलं तर लगेच थांबा.

फिरवताना पिस्टनभोवतीच्या रबरी बूटवरची नजर हटवू नका. तो पिस्टनला चिकटलेला असेल तर पिळा पडतो, सुरकुत्या दिसतात आणि शेवटी फाटतो. बूटची कड बोथट प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा आणि आत थोडं ब्रेकचं रबर ग्रीस लावा. गंज सोडवायचा स्प्रे किंवा साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

कारण न शोधता जोर वाढवणे. एवढं करूनही पिस्टन हलत नसेल तर ब्लीडर निपलला (कॅलिपरवरच्या ऑइल आणि हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निपल पाऊण फेरा सैल करा आणि पुन्हा फिरवा. आता सहज गेला, तर पिस्टन निर्दोष आहे. बहुधा कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. तो बदला, नाहीतर नवे पॅडही घासत राहतील. निपल उघडूनही अडला, तर पिस्टन बहुधा गंजलाय. एमरी पेपरने घासून तात्पुरतं भागेल, पण पिस्टनवरचे गंजाचे खड्डे सीलवर फिरले की ऑइल गळणारच. जोर काढण्याआधी निपल बंद करा, म्हणजे हवा शिरणार नाही.

निपल न उघडता काम केलंत तर ऑइल वर ब्रेक ऑइलच्या टाकीत चढतं. आधी पातळी पाहा आणि मॅक्सच्या जवळ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. डॉट ३ आणि डॉट ४ ही दोन्ही प्रकारची ब्रेक ऑइलं गाडीचा रंग खातात. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

खाच न जुळवणे. बऱ्याच पॅडच्या पाठीवर एक बारीक खुंटी असते. ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे. नाही बसली तर पॅड तिरका राहतो, एका कडेने झिजतो आणि हँडब्रेक लावताना पिस्टन स्वतःच फिरू शकतो.

सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत हळूहळू दाबा, मगच हँडब्रेक काही वेळा ओढून सोडा. मोटरवाल्या गाडीत सर्व्हिस मोड बंद करा. चाक हाताने फिरवा: हलकी घासण चालेल, अडखळण नाही. चार-पाच किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवून दोन्ही मागच्या रिमजवळ हात धरा. एकच बाजू जास्त तापलेली वाटली, तर तिथल्या स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या, सुकलेल्या असू शकतात. त्या काढून साफ करा आणि ब्रेकचंच ग्रीस लावा.