कोडमधल्या ‘३’ ला नाव द्या: मॅजिक नंबर काढून एनम कसा आणावा

‘स्टेटस ३ असेल तर ग्राहकाला मेसेज पाठवा.’ हा ३ म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी सोडून गेला. असा अर्थ न सांगणारा आकडा म्हणजे मॅजिक नंबर, आणि ठरावीक पर्यायांना नावं देणारा प्रकार म्हणजे एनम. इथे एनम हवा हे तुम्हाला पटलंय असं धरून चालतो. उदाहरण जावाचं घेतो.

आधी ऑर्डरच्या स्टेटसच्या आकड्यांची यादी करा: ० नवीन, १ पैसे जमा, २ रवाना, ३ पोहोचली, ४ रद्द. ही यादी कोड वाचून करू नका. डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष काय पडलंय ते बघा. कोणीतरी ‘तात्पुरता’ घातलेला ९ तिथे सापडू शकतो. आणि दिसेल त्या आकड्याचा एनम करायचा नसतो. १८ टक्के जीएसटीला साधा कॉन्स्टंट, म्हणजे नाव दिलेली न बदलणारी किंमत, पुरतो. ऑफिसातली माणसं स्क्रीनवरून वाढवतात ते वस्तूंचे प्रकार टेबलातच बरे.

मग एनम लिहा. बहुतेक लेख इथेच ‘झालं!’ म्हणून संपतात, आणि माझी खरी फजिती इथूनच सुरू झाली होती.

जावा प्रत्येक नावाला त्याच्या जागेवरून ०, १, २ असा क्रम देते. त्याला ऑर्डिनल म्हणतात. जेपीएला (जावातल्या वस्तू डेटाबेसमध्ये साठवायची ठरलेली पद्धत) वेगळं काही सांगितलं नाही तर डेटाबेसमध्ये हाच क्रम साठवला जातो. आमचे जुने आकडे योगायोगाने त्याच्याशी जुळत होते, म्हणून मी खूश. काही महिन्यांनी ‘पॅकिंग’ ही नवी अवस्था आली. ती मी शहाण्यासारखी ‘पैसे जमा’ आणि ‘रवाना’ यांच्या मध्ये लिहिली, वाचायला बरं दिसतं म्हणून. कंपायलर गप्प, टेस्टही हिरव्या. पण जुना ४ आता ‘पोहोचली’ झाला होता. ज्यांनी ऑर्डर रद्द केली होती त्यांनाच आम्ही ‘तुमची वस्तू मिळाली’ असं कळवलं.

कोड मागे घेऊनही भागेना. मधल्या काही तासांत नव्या क्रमाने नोंदी झाल्या होत्या, त्यामुळे कुठला ३ जुना आणि कुठला नवा हे लॉग उघडून एकेक करून ठरवावं लागलं.

म्हणून ऑर्डिनल साठवायचा नाही. अजिबात नाही. प्रत्येक नावाला कन्स्ट्रक्टरमधून (एनमचं प्रत्येक नाव तयार होताना चालणारा भाग) स्वतःचा ठरलेला आकडा, म्हणजे कोड, द्या: नवीनला ०, रद्दला ४, पॅकिंगला ५. मग ते मध्ये लिहा नाहीतर शेवटी. डेटाबेसशी देवाणघेवाण करायला कन्व्हर्टर लिहा. अनोळखी आकडा आला तर त्याने सरळ एरर फेकावी. गुपचूप ‘नवीन’ परत करणारा कन्व्हर्टर मी रिव्ह्यूत पास करत नाही. आकड्याऐवजी नावच साठवा असा सल्लाही मिळेल. नव्या टेबलासाठी तो चांगला आहे, पण पुढे कोणी एनममधलं नाव बदललं की जुन्या नोंदी वाचता येत नाहीत.

कोडभर ‘३’ शोधत बसू नका. फील्डचा प्रकार इंटवरून एनमवर न्या. जिथे जिथे आकड्याशी तुलना होते तिथे कंपायलर स्वतःच ओरडेल.

स्विच असेल तर जावा १४ पासूनचं स्विच एक्स्प्रेशन वापरा आणि त्यात डीफॉल्ट, म्हणजे ‘बाकी सगळ्यांसाठी’ची वाट, घालू नका. म्हणजे उद्या ‘परत आली’ ही अवस्था वाढली की तिची सोय न केलेली जागा कंपाइलच होणार नाही.

शेवटी नाव आणि कोड यांच्या जोड्या तपासणारी एक टेस्ट लिहा. तिच्यात आकडे हातानेच टाइप करा. एनममधून उचलले तर ती टेस्ट काहीच पकडणार नाही.