बोटीचं इंजिन सुरू होत नाही? बॅटरीपासून प्लगपर्यंत दोष कसा शोधावा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर डिसेंबरच्या सकाळी किल्ली फिरवावी, 'टक्' असा एकच आवाज यावा आणि पुढे काहीच होऊ नये. पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा स्टार्टरवर. अनेकदा दोन्ही बदलून होतात आणि दोष जागच्या जागी राहतो, कारण तो बसलेला असतो केबलच्या टोकाला, एखाद्या सैल नटाखाली.

मध्यम आकाराच्या आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा) स्टार्टर सेल मारताना १०० ते १५० अँपिअर ओढतो. जोडात फक्त ०.०२ ओहम अडथळा असला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सेल फिरत नसताना मात्र तोच जोड मीटरवर निर्दोष दिसतो. म्हणून मोजायचं ते सेल मारत असताना.

खालची माहिती १२ व्होल्ट बॅटरीच्या, किल्लीने सुरू होणाऱ्या पेट्रोल आउटबोर्डसाठी आहे. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, प्लग पाना, वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि योग्य अँपिअरचे जादा फ्यूज जवळ ठेवा.

हात लावण्याआधी

बोट काठाला बांधा, पंख्याजवळ कोणी नाही हे बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर झाकण उघडून हवा खेळू द्या, मगच विजेच्या कामाला लागा. बॅटरी सोडवताना काळी केबल आधी काढायची आणि जोडताना शेवटी लावायची. उलट केलंत आणि लाल टर्मिनलवरचा पाना इंजिनाच्या धातूला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. इंजिन पाण्याबाहेर असेल तर नळाच्या पाण्याची जोडणी दिल्याशिवाय चालू करू नका. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरला की लगेच खराब होतो.

आधी दोन मिनिटांच्या गोष्टी

किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) लाल दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे का? बहुतेक इंजिनांत क्लिप निघाली तरी सेल फिरतो, फक्त ठिणगी येत नाही. त्यामुळे लोक तासभर प्लग पुसत बसतात. गिअर न्यूट्रलला आहे का? नसेल तर सेल अजिबात लागत नाही. न्यूट्रल स्विच थोडा सरकलेला असला तर किल्ली धरून गिअरचा दांडा हलकेच पुढेमागे करा, मध्येच सेल लागला तर दोष तिथे आहे. बॅटरीचा मुख्य स्विच, मुख्य फ्यूज, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का आणि पेट्रोलचा हातपंप दाबून घट्ट होतोय का, एवढं बघून पुढे जा.

आता किल्ली फिरवा आणि कान द्या

काहीच आवाज नाही: सोलेनॉइडला (स्टार्टरला मोठा करंट जोडून देणाऱ्या स्विचला) किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावा आणि किल्ली स्टार्टवर धरा. दिवा लागला नाही तर दोष मागे आहे, म्हणजे फ्यूज, किल्ली किंवा न्यूट्रल स्विच. दिवा लागला आणि सोलेनॉइड गप्प, तर आधी त्याची अर्थिंग तपासा, मग सोलेनॉइडवर शंका घ्या.

टिक-टिक-टिक: बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. एकच जड 'टक्': जोड, सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा जाम झालेला स्टार्टर.

स्टार्टर घूं करून फिरतो पण फ्लायव्हील हलत नाही: स्टार्टरचा छोटा गिअर वर सरकत नाही. जुन्या ग्रीसचा चिकटा पुसून काढा.

इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही: थेट ठिणगीच्या भागाकडे जा.

मुख्य तपासणी: व्होल्टेज कुठे हरवतं

1. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. आदल्या दिवशी चार्ज करून रात्रभर नुसत्या ठेवलेल्या बॅटरीवर १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून मगच पुढे जा.

2. किल स्विचची क्लिप काढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरून दुसऱ्याला सेल मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला आणि पूर्ण चार्जनंतरही तेच झालं, तर बॅटरी गेली. आकडा ११ च्या आसपास टिकून सेल मात्र रडतखडत फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका.

3. लाल प्रोब बॅटरीच्या धन टर्मिनलवर, केबलच्या थिंबलवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नव्हे. काळा प्रोब स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलवर. सेल मारताना ०.५ व्होल्टहून जास्त दिसलं तर या वाटेत व्होल्टेज हरवतंय. मग तुकडे करत मोजा: टर्मिनल ते थिंबल, थिंबल ते सोलेनॉइड, सोलेनॉइडची एक बाजू ते दुसरी.

4. तसंच ऋण टर्मिनल ते इंजिनाचा रंग खरवडलेला धातू मोजा. इथे ०.३ च्या वर नको. अर्थिंगची बाजू सगळेच विसरतात, आणि दोष बरेचदा तिथेच सापडतो.

प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद पुरतात. सलग १० सेकंदांहून जास्त सेल मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर स्टार्टरची वाइंडिंग जळते.

दोष सापडलेली केबल वरून ठणठणीत दिसते. थिंबलजवळची काळी बाही ब्लेडने दोन इंच चिरून मागे सारा. आतली तार चकचकीत तांबूस हवी, कल्हई केलेली असेल तर चंदेरी. ती काळपट असेल, नखाने खरवडल्यावर हिरवट-पांढरी भुकटी पडत असेल, तर स्वच्छ तार लागेपर्यंत केबल कापा आणि नवं थिंबल क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबून बसवा. नुसतं सोल्डर नको, तार कडक होऊन कंपनाने तुटते. वरून गोंदवाली हीट श्रिंक बाही चढवा. टर्मिनलवर हाताने आवळायचा पंखाचा नट असेल तर तो बदलून नायलॉक नट (कंपनाने सैल न होणारा) घाला.

आपलं पाणी गोडं, म्हणून गंजाची भीती नाही, असं समजू नका. कोकणातून किंवा मुंबईकडून जुनं घेतलेलं इंजिन असेल तर खारं पाणी केबलमध्ये आधीच शिरलेलं असू शकतं. बॅटरी पुढे सरकवून केबल लांब केली असेल तर तिची जाडीही वाढवावी लागते. थंडीत हे सगळं आणखी उघडं पडतं, कारण गार बॅटरी कमी करंट देते आणि ऑइलही घट्ट होतं.

ठिणगी

प्लग काढून वायरला स्पार्क टेस्टर लावा, टेस्टरची क्लिप इंजिनाच्या धातूला, प्लगच्या भोकापासून दूर. निळसर-पांढरी, कडकडीत ठिणगी हवी. उरलेल्या प्लगच्या वायरी अर्थ करून ठेवा, मोकळ्या वायरीने सीडीआय (ठिणगी तयार करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) खराब होऊ शकतो. त्याआधी किल स्विचची क्लिप परत लावायला विसरू नका, नाहीतर ठिणगी येणारच नाही.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर प्लग आणि कॉइल अदलाबदल करून बघा. कुठेच नसेल तर मॅन्युअलमध्ये बघून किल स्विचची वायर तात्पुरती सोडवा. ठिणगी परत आली तर स्विच किंवा हार्नेस (वायरींचा जुडगा) खराब आहे. वायर सोडवलेली असताना इंजिन किल्लीने बंद होत नाही, त्यामुळे तशी बोट चालवायची नाही. सेल मंद फिरत असेल तरी सीडीआयला पुरेसा वेग मिळत नाही. अशा वेळी महागडा सीडीआय मागवण्याआधी वरची केबलची तपासणी पुन्हा करा.

सुरू झाल्यावर

मध्यम रेसवर बॅटरीवर १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत. १२ च्याच घरात असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला. चालत्या इंजिनाची बॅटरी काढू नका, आणि केबल उलटी लावली तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) क्षणात जातो.

पावसाळ्यात बोट काठावर ओढून ठेवलीत तर बॅटरी घरी आणा, महिन्याला एकदा मोजा, १२.४ च्या खाली आली की चार्ज करा आणि झाकणाची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. बोट परत पाण्यात टाकताना सेल मारतानाचं व्होल्टेज मोजून तारखेसह इंजिनाच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी आकडा किती घसरला हे लगेच कळेल.